गच्चीवरचं सोलर आणि तिसऱ्या मजल्यावरचा प्रश्न

कोथरूडचा_सेक्रेटरी:
आमची सोसायटी ४८ फ्लॅटची, बांधकाम १९९४ चं. गच्चीवर २० किलोवॉटचं सोलर बसवायचा विषय परवा सभेत घेतला. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांचं बिल जवळजवळ संपेल म्हटल्यावर सगळे माना डोलवत होते. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचा इंजिनिअर मुलगा उठला. "काका, बिल वाचतं म्हणून बसवा, पर्यावरणाचं नाव नको. देशात एवढं सोलर आलं तरी उत्सर्जन वाढतंच आहे." मला उत्तर सुचेना. चहाही गार झाला. त्याचं खरं आहे का?

युनिटमास्तर:
अर्धं खरं आहे. २०२५ च्या मध्यावर देशाच्या वीजनिर्मितीच्या स्थापित क्षमतेतला निम्मा वाटा कोळसा-गॅस सोडून इतर स्रोतांचा झाला. पण क्षमता म्हणजे वीज नव्हे. पॅनेल रात्री झोपतं, पावसाळ्यात पेंगतं. प्रत्यक्ष युनिटांपैकी सुमारे तीन चतुर्थांश अजून कोळशातूनच येतात. आणि विजेची मागणीही वाढतेच आहे. म्हणून एकूण आकडा चढतो. तरी २००५ ते २०२० या काळात जीडीपीच्या दर रुपयामागचं उत्सर्जन ३६ टक्क्यांनी उतरलं, हे त्या मुलाला जरूर सांगा. सोलर आणि बचत नसती तर चढ आणखी उभा असता.

आता तुमचा हिशोब. पुण्यात एका किलोवॉटमागे वर्षाला साधारण १,४०० युनिट, म्हणजे तुमचे २८,०००. ग्रीडच्या एका युनिटमागे अंदाजे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरला तर वीसेक टन वाचतात.

पण मी तुमच्या जागी असतो तर आधी पंखे मोजले असते. जुना पंखा ७५ वॉट खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा पंखा) २८-३०. घरटी चार म्हणजे १९२ पंखे. प्रत्येक पंखा वर्षाला २,००० तास फिरला तर १७,००० युनिट वाचतात, बारा टन. तेही बरेचसे रात्री, जेव्हा तुमच्या गच्चीवर काहीच पिकत नाही.

खडकीवाली:
आणि वाचलेल्या पैशात एसी आला तर? आमच्याकडे तेच झालं. पंखे बदलले, बिल उतरलं, सासूबाईंच्या खोलीत एसी बसला. आता तो २४ वर ठेवायचा की २० वर, यावर रोज चर्चासत्र.

युनिटमास्तर:
ताई, बचतीचा काही भाग असा परत खर्च होतोच. पण एसी घ्यायचाच तर फाइव्ह स्टारवाला घ्या आणि २४ वर ठेवा. सासूबाईंचं मात्र तुम्हीच बघा!

कोथरूडचा_सेक्रेटरी:
काल रात्री फ्रिजसकट सगळं बंद करून मीटरसमोर स्टूल टाकून बसलो. आमच्या मीटरचा लाल दिवा ३,२०० वेळा लुकलुकला की एक युनिट होतं. जुना पंखा फुल: दोन मिनिटांत आठदा. मुलीच्या खोलीतला नवा: तीनदा. हिने विचारलं, "अंधारात काय मोजताय?"

व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. तिसऱ्या मजल्यावरून अंगठा आला. सोलरचा ठराव पुढच्या सभेत घेतो. पंखे ज्याचे त्याने बदलायचे, त्याला ठराव कशाला? टाकीची सावली कुठवर पडते ते बघायला ठेकेदार शनिवारी येतोय.