अनुभव धागा : हातातल्या यंत्रावर रोजची कोडी आणि मेंदूची तालीम

'डॉक्टर कावाशिमांचे ब्रेन ट्रेनिंग' हा गेम १९ मे २००५ रोजी जपानमध्ये विक्रीस आला आणि पुढच्या वर्षी युरोपात या नावाने, तर अमेरिकेत 'ब्रेन एज' या नावाने पोचला. तोवर हातात धरून खेळायचे यंत्र म्हणजे शाळकरी मुलांची चैन, असाच बहुतेक घरांतला समज होता. या गेमने तेच यंत्र आई-वडिलांच्या आणि आजी-आजोबांच्या हातात दिले. निन्टेंडो कंपनीचे डीएस हे घडीचे यंत्र आडवे न धरता पुस्तकासारखे उभे उघडायचे, एका पडद्यावर प्रश्न वाचायचा आणि दुसऱ्या पडद्यावर बारीक लेखणीने उत्तर लिहायचे, एवढी त्याची रीत होती. बटणे कोणती दाबायची हे शिकावे लागत नसल्यामुळे ज्यांनी आयुष्यात कधी व्हिडिओ गेम खेळला नव्हता, त्यांनाही तो जमला.

यामागची कल्पना सेंदाई येथील तोहोकु विद्यापीठातले मेंदूविज्ञानाचे प्राध्यापक रयुता कावाशिमा यांची. सोपी गणिते भराभर सोडवताना आणि मोठ्याने वाचताना मेंदूच्या पुढच्या भागात रक्तपुरवठा वाढतो, असे त्यांना मेंदूच्या चित्रणातून दिसले होते, आणि त्यावर बेतलेले त्यांचे सरावपुस्तक २००३ साली जपानमध्ये लोकप्रिय झाले होते. निन्टेंडोचे तेव्हाचे अध्यक्ष सातोरू इवाता त्यांना भेटले, तो दिवस २ डिसेंबर २००४ होता, म्हणजे जपानमध्ये डीएस दुकानांत आला तोच दिवस. त्यानंतर अवघ्या काही महिन्यांत हा गेम तयार झाला.

ज्यांनी हा किंवा अशा जातीचा दुसरा गेम काही काळ नेमाने खेळला आहे, त्यांनी आपले अनुभव येथे लिहावेत, अशी विनंती आहे. आपण नेमके काय खेळत होता आणि खेळाबाहेरच्या रोजच्या व्यवहारात त्याने काही फरक पडला का, या दोन गोष्टी शक्य तितक्या स्पष्ट लिहाव्यात. फरक पडला नसेल, तर तेही तितकेच मोलाचे आहे. सुरुवात माझ्यापासून करते.

पुणे

माझे सासरे बँकेतून निवृत्त झाले, त्यानंतर काही महिन्यांनी न्यू जर्सीहून आलेल्या दिरांनी त्यांच्यासाठी डीएस आणला. सासऱ्यांनी आयुष्यभर खातेवहीतल्या बेरजा तोंडी केलेल्या, त्यामुळे 'कॅल्क्युलेशन्स टाइम्स हंड्रेड' हा सराव त्यांना पहिल्या दिवसापासून आवडला. शंभर सोपी गणिते एकामागून एक वर सरकत येतात आणि प्रत्येकाचे उत्तर हाताने लिहायचे असते. शेवटी आपला वेग चालण्याचा, रेल्वेचा की रॉकेटचा, ते पडद्यावर दिसते. लहानपणी पावकी, निमकी, दिडकी घोकलेल्या माणसाला सहा गुणिले आठ लिहायला विचार करावा लागत नाही, तेव्हा रॉकेट लवकरच आले. मला मात्र त्यांच्यापुढे बरेच दिवस रेल्वेच्या वर जाता आले नाही.

खरी कसोटी लागली ती घरात शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या माणसांच्या सरावात. पडद्यावर एक घर दिसते, त्यात काही माणसे जातात, काही बाहेर येतात, हळूहळू एकाच वेळी दोन्ही बाजूंनी ये-जा सुरू होते आणि शेवटी आत किती जण उरले ते सांगायचे असते. येथे पाठांतर कामी येत नाही, मनातला आकडा सतत बदलत धरून ठेवावा लागतो. सासरे या सरावावर अक्षरशः रागवायचे, आणि तरीही रोज सकाळी चहानंतर पहिला तोच उघडायचे.

एका गेमकार्डावर चार जणांच्या नोंदी राहतात आणि त्यांचे आलेख शेजारी शेजारी पाहता येतात. आमच्या घरी त्या आलेखावर जेवढी चर्चा झाली, तेवढी दुसऱ्या कशावर क्वचितच झाली असेल. रोजच्या व्यवहारात फरक पडला का, याचे माझे उत्तर असे आहे की त्यांचे हिशेब आधीही चोख होते आणि नंतरही तसेच राहिले. निवृत्तीनंतर सकाळी काय करायचे, हा प्रश्न मात्र सुटला, आणि नातवंडांशी बरोबरीच्या नात्याने बोलायला एक विषय मिळाला. माझ्या मते हे थोडे नाही.

सेंदाई, जपान

मी संशोधनासाठी सेंदाईत राहते, तेव्हा या गेमशी माझे नाते थोडे वेगळे आहे. येथील जुन्या वस्तूंच्या दुकानात डीएसचे वापरलेले गेम अगदी स्वस्तात मिळतात, आणि मी हा गेम मेंदूसाठी नव्हे तर जपानी वाचनाची भीती जावी म्हणून घेतला. त्यातला मोठ्याने वाचण्याचा सराव फार साधा आहे. एक उतारा येतो, तो शक्य तितक्या वेगाने पण स्पष्ट उच्चारात वाचायचा आणि स्वतःच पान पुढे न्यायचे. शेवटी आपण किती वेळ घेतला तेवढेच कळते, उच्चाराला कोणी गुण देत नाही. जपानी माणसांसमोर वाचताना माझा आवाज बसायचा, पण खोलीत एकटीने यंत्रासमोर वाचताना तसे होत नसे.

अडलेली कांजी, म्हणजे जपानी लिपीतली चिनी चित्राक्षरे, मी आधी वहीत उतरवून घ्यायची, त्यांचे वाचन शोधायचे आणि दुसऱ्या दिवशी तोच उतारा पुन्हा वाचायचा, असा क्रम ठेवला. प्रयोगशाळेच्या साप्ताहिक बैठकीत माझ्या पाळीचे इतिवृत्त वाचून दाखवावे लागते. ते मी आता न थांबता वाचते, आणि याचे बरेचसे श्रेय मी या सरावाला देते. तरीही यात मेंदू तरुण होण्याचा काही संबंध आहे, असे मला वाटत नाही. मी वाचनाचा सराव केला आणि वाचन सुधारले.

लेस्टर, इंग्लंड

मी व्यवसायोपचार तज्ज्ञ (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) म्हणून वृद्धांसोबत काम करते. या देशात २००६ नंतर ब्रेन ट्रेनिंगची मोठी लाट आली होती. वर्तमानपत्रांतून सुडोकूचे वेड नुकतेच पसरलेले असल्यामुळे जमीन तयारच होती, आणि या गेममध्येही सुडोकू होतेच. त्यामुळे 'हे आईला घेऊन देऊ का' असा प्रश्न मला आमच्या मराठी मंडळातही नेहमी विचारला जातो. म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

२०१० साली 'नेचर' या नियतकालिकात एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ११,४३० जणांनी सहा आठवडे संगणकावर मेंदूचे सराव केले होते. ज्या कसोट्यांचा सराव केला त्यांत लोक सुधारले, पण सराव न केलेल्या, अगदी जवळच्या वाटणाऱ्या कसोट्यांतही ती सुधारणा उतरली नाही. हा अभ्यास डीएसवरच्या गेमचा नव्हता आणि त्यातले लोक साठीच्या आतले होते, हे लक्षात ठेवावे. उलट बाजूने, २०१२ साली तोहोकु विद्यापीठातील संशोधकांनी ३२ वृद्धांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. निम्म्यांनी ब्रेन एज आणि निम्म्यांनी टेट्रिस हा पडणाऱ्या ठोकळ्यांचा गेम असे रोज सुमारे १५ मिनिटे, आठवड्यातून किमान पाच दिवस, चार आठवडे खेळले. ब्रेन एज खेळणाऱ्यांची कामाचा वेग आणि नियोजन यांच्या चाचण्यांत अधिक प्रगती झाली. संख्या लहान आहे, काळ थोडा आहे आणि स्वतः कावाशिमा त्या लेखाच्या लेखकांपैकी एक आहेत. म्हणून मी या निष्कर्षाला खोटे म्हणत नाही, पण त्यावर घर बांधायलाही सांगत नाही.

माझ्या कामातला अनुभव असा आहे की यंत्रापेक्षा नेमलेली वेळ अधिक उपयोगी पडते. रोज ठराविक खुर्चीत, ठराविक वेळी, दहा-पंधरा मिनिटे बसून काहीतरी पूर्ण करण्याची सवय ज्यांना लागते, त्यांची औषधे आणि जेवण यांच्या वेळाही सांभाळणे सोपे जाते. गेममध्ये एक तरी सराव केला की त्या दिवसावर शिक्का उमटतो आणि शिक्के जमले की नवे सराव उघडतात. ही योजना मला फार शहाणपणाची वाटते. चालणे, माणसांत मिसळणे आणि कानांची तपासणी यांची जागा मात्र हा गेम घेऊ शकत नाही. ऐकू कमी येणाऱ्या माणसाला आधी श्रवणयंत्र घ्यावे, डीएस नंतर, असे मी स्पष्ट सांगते.

नाशिक

माझ्या वडिलांना विस्मरणाचा त्रास सुरू झाला होता आणि निदान व्हायचे होते, त्या काळातला हा अनुभव आहे. गेममध्ये 'मेंदूचे वय' मोजणारी चाचणी असते. तिचे सर्वांत चांगले उत्तर २० वर्षे आणि सर्वांत वाईट ८० वर्षे असते. एका भागात दोन मिनिटांत तीस इंग्रजी शब्द पाठ करून नंतर आठवतील तेवढे लिहायचे असतात. बाबा इंग्रजीचे शिक्षक होते, त्यामुळे शब्द त्यांना परके नव्हते. लेखणी पडद्यावर टेकवून ते थांबायचे, एक शब्द लिहायचे, तोच पुन्हा लिहायचे आणि मग माझ्याकडे पाहायचे. शेवटी ८० हा आकडा आला की दिवसभर बोलायचे नाहीत.

मी ती चाचणी बंदच केली. त्याऐवजी एखाद्या प्राण्याचे चित्र आठवणीतून काढायला सांगणारा जो भाग अधूनमधून येतो, तो त्यांना मनापासून आवडला. त्यांनी काढलेला कांगारू आणि माझा कांगारू शेजारी शेजारी आले की ते हसायचे, कारण त्यांचा हात चित्रकलेत चांगला होता आणि माझा नाही. वीस सोप्या गणितांचा छोटा सरावही ते शांतपणे करत असत. आजार यामुळे थांबला नाही, हे मला नमूद करायचे आहे, कारण ज्यांच्या घरी असा आजार आहे त्यांना कोणी तसे आश्वासन देत असेल तर त्यांनी त्यावर विसंबू नये. आमच्या दुपारी चांगल्या गेल्या, आणि त्या मला हव्या होत्या.

ठाणे

मला येथे 'प्रोफेसर लेटन' मालिकेबद्दल लिहायचे आहे. तिचा पहिला भाग २००७ साली जपानमध्ये आणि २००८ साली इतरत्र आला. लेव्हल-५ या कंपनीच्या या गेममधली कोडी जपानमध्ये कोड्यांच्या पुस्तकांसाठी प्रसिद्ध असलेले प्राध्यापक अकिरा तागो यांच्या देखरेखीखाली तयार झाली होती. कथेतल्या गावात भेटणारा प्रत्येक माणूस एक कोडे घालतो. उत्तर चुकले की मिळणारे गुण कमी होतात आणि सूचना हवी असेल तर शोधून ठेवलेले नाणे खर्चावे लागते.

त्यातले एक कोडे तीन लांडगे आणि कोंबडीची तीन पिल्ले नदीपार नेण्याचे आहे. तराफ्यावर दोघेच मावतात आणि कोणत्याही काठावर पिल्लांपेक्षा लांडगे जास्त झाले तर ते पिल्लांना खातात. माझे आजोबा वाघ, शेळी आणि गवताचे कोडे घालायचे, तेव्हा हे मी त्यांच्याकडे नेले. त्यांनी यंत्राला हात लावला नाही. सुपारीची तीन खांडे आणि तीन लवंगा टेबलावर मांडून ते बसले आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, "अरे, पलीकडे नेलेल्यांपैकी दोघांना एकदा परत आणावे लागते." कोड्याची सारी अडचण त्या एका खेपेत आहे, कारण पुढे गेलेले मागे आणायला मन तयार होत नाही. नोकरीत मी सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधतो, आणि अडकलो की झालेले काम थोडे उलगडून पाहण्याची सवय मला अशा कोड्यांनीच लावली, असे मी खात्रीने म्हणू शकतो.

दर आठवड्याला एक नवे कोडे वाय-फायवरून मिळत असे. मे २०१४ मध्ये डीएसची ती सेवा बंद झाली. आठवडाभर एकाच कोड्याची वाट पाहण्यातली गोडी आता कुठे सापडत नाही.

डोंबिवली

मी रोज लोकलने जातो. गेम सुरू करताना आता मोठ्याने बोलता येईल का, असे तो विचारतो आणि नाही म्हटले की रंगांची नावे उच्चारायची चाचणी टाळतो. गर्दीत हे सोयीचे पडते. मी मुख्यतः सुडोकूच सोडवतो. फोनवरही सुडोकू आहे, पण फोनवर मध्येच कार्यालयाचा निरोप येतो आणि पुढचे स्टेशन येईपर्यंत कोडे मनातून गेलेले असते. फरक पडला का, याचे माझे उत्तर नाही असे आहे, फक्त प्रवास सुसह्य झाला.

टोरांटो, कॅनडा

वरचे अनुभव वाचून काही जणांना जुने यंत्र मिळवायची इच्छा होईल, म्हणून माहिती लिहितो. डीएसच्या मूळ गेमकार्डांना देशाचे बंधन नाही, त्यामुळे अमेरिकेतले कार्ड भारतातल्या यंत्रावर चालते, आणि थ्रीडीएस यंत्रांवरही ही कार्डे चालतात. भाषा मात्र कार्डावर जी असेल तीच राहील, तेव्हा जपानी कार्ड चुकून घेऊ नये. स्विच या नंतरच्या यंत्रासाठीची आवृत्ती जपानमध्ये डिसेंबर २०१९ मध्ये आणि युरोपात जानेवारी २०२० मध्ये आली, पण अमेरिकेत आली नाही. वापरलेले यंत्र घेताना खालच्या पडद्यावर चारही कोपऱ्यांत लेखणीने रेघ ओढून पाहावी, बिजागरी हलवून पाहावी आणि बॅटरी फुगलेली नाही ना, हे झाकण उघडून तपासावे.

घरातल्या ज्येष्ठांसाठी घेत असाल तर सुरुवातीलाच डावखुरे की उजवे ते नीट निवडावे, कारण त्यावर यंत्र कसे धरायचे ते ठरते. पडद्याचा उजेड पूर्ण वाढवावा आणि सोबतची बारीक लेखणी हातात ठरत नसेल तर जाड पकडीची वेगळी घ्यावी. पहिले काही दिवस वीस गणितांचाच सराव द्यावा. नाशिकच्या ताईंनी लिहिलेले वाचल्यावर मी आणखी एक सुचवेन, की मेंदूच्या वयाची चाचणी त्यांनी स्वतः मागितल्याशिवाय दाखवू नये. माझ्या आईने ती अजून मागितलेली नाही, आणि तिचे शिक्के व्यवस्थित जमत आहेत.