मदत हवी आहे: पुनर्जन्म न मानता बौद्ध कर्मसिद्धान्ताला अर्थ उरतो का?

जिज्ञासू: मला परवापर्यंत उत्तर हवे आहे. बुद्धांनी आत्मा नाकारला, मग पुनर्जन्म कोणाचा? आणि पुनर्जन्मच वगळला, तर कर्मफलाच्या बोलण्याला काही आधार राहतो का? ‘श्रद्धा ठेवा’ असे कृपया कोणी सांगू नये.

निरंजना: आपण थेरवादाविषयी (पाली ग्रंथांना प्रमाण मानणारी बौद्ध परंपरा) विचारत आहात, महायानाविषयी (नंतर विकसित झालेली दुसरी मोठी परंपरा), की डॉ. आंबेडकरांनी मांडलेल्या धम्माविषयी? तिन्हींची उत्तरे वेगळी येतील. शिवाय परवाच का?

रानवाट: परंपरा कोणतीही असो, अंगुत्तर निकाय या पाली ग्रंथात बुद्ध चेतनेलाच, म्हणजे कृतीमागच्या हेतूलाच, कर्म म्हणतात. रागाने उच्चारलेला शब्द आधी बोलणाऱ्याचेच मन कडवट करतो आणि पुढच्या वेळी अधिक सहज ओठांवर येतो. हे फळ पाहण्यासाठी दुसरा जन्म लागत नाही. परलोक नसला तरी निर्वैर माणूस याच जन्मी सुखाने राहतो, असे बुद्धांनी कालाम नावाच्या लोकांनाही सांगितले आहे.

पालीवाचक: रानवाट, आपण सोयीचे तेवढेच घेतलेत. कालामांना दिलेल्या चार आश्वासनांतील पहिले, परलोक असल्यास सुगती मिळेल, हे आहे. चेतनेला कर्म म्हणणारे सुत्तच (बुद्धांचे प्रवचन) विपाक, म्हणजे कर्माचे फळ, या जन्मी, पुढच्या जन्मी किंवा त्यानंतर मिळतो असे सांगते. आत्म्याविना जन्म कसा, याला भिक्खू नागसेनांनी मिलिंद राजाला दिव्यावरून दिवा लावण्याचा दृष्टान्त दिला आहे: दुसरा दिवा पेटतो, पण पहिल्यातून त्यात काही जात नाही.

तत्त्वशोधक: वेदान्तातील संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण हे कर्माचे भेद समजून घ्या, म्हणजे शंका राहणार नाही.

निरंजना: प्रश्न बौद्ध मताचा आहे. जिज्ञासू, आपण अजून काहीच सांगितले नाही.

जिज्ञासू: थेरवादच. माझ्या भाचीला जन्मतः ऐकू येत नाही. घरातील एका वडीलधाऱ्यांनी बहिणीच्या तोंडावर ‘हे पूर्वजन्मीचे पाप’ असे म्हटले, तेव्हा ती काही न बोलता मुलीच्या केसांतली पिन पुन्हा पुन्हा काढून लावत राहिली. परवा सगळे पुन्हा जमणार आहेत.

पालीवाचक: हे आधी सांगायला हवे होते. सुखदुःख सर्वस्वी पूर्वकर्मामुळेच होते का, असे सीवक नावाच्या परिव्राजकाने (भटक्या संन्याशाने) विचारले, तेव्हा बुद्धांनी पित्त, कफ, वात, त्यांचा सन्निपात (तिन्ही एकत्र बिघडणे), ऋतुबदल, विषम आचरण, आघात आणि कर्मविपाक अशी आठ कारणे सांगितली आणि सगळा भार पूर्वकर्मावर टाकणाऱ्यांचे म्हणणे खोटे ठरवले. मी पुनर्जन्म मानतो, तरीही त्या मुलीकडे बोट दाखवण्याचा अधिकार मला मिळत नाही.

रानवाट: चूळकम्मविभंगसुत्त या बुद्धांच्या दुसऱ्या प्रवचनात मात्र आजारपण आणि अल्पायुष्य पूर्वकर्माशी जोडले आहे. ते वडीलधारे नेमके तेच पुढे करतील.

पालीवाचक: करू देत. कर्मविपाक अचिंत्य, म्हणजे विचाराने न उलगडणारा, आहे, त्याचा हिशेब लावू पाहणाऱ्याच्या वाट्याला उन्माद येतो, असेही अंगुत्तर निकायातच सांगितले आहे. जिज्ञासू, वाद घालण्यापूर्वी बहिणीला एकटीला गाठून हे दोन्ही संदर्भ आधी तिला वाचून दाखवा.