गुडघ्याच्या वाटीच्या वरचा टेंडन तुटलाय, ऑपरेशन आणि नंतरच्या व्यायामाबद्दल सल्ला हवा

सातारची_लेक: बाबा ६३ वर्षांचे, मधुमेह आहे. ओल्या पायरीवरून घसरले, गुडघा एकदम दुमडला. एक्स-रेत फ्रॅक्चर नाही म्हणून क्रेप बँडेज बांधून घरी आणलं, पण उताणं झोपून पाय सरळ उचलताच येईना. आता सोनोग्राफीत क्वाड्रिसेप्स टेंडन (मांडीचा पुढचा स्नायू वाटीला जोडणारा दोरीसारखा पट्टा) पूर्ण तुटल्याचं कळलं. सर्जन लगेच ऑपरेशन करा म्हणतात, काका म्हणतात या वयात कशाला, प्लास्टर घालून बघू. काय करावं?

फिजिओ_नाशिक: ताई, प्लास्टरवर वेळ घालवू नका. पूर्ण तुटलेला असेल तर मांडीचा स्नायू वरचं टोक ओढत राहतो, ते आपोआप जुळत नाही. वाटीच्या लगेच वर बोट ठेवा, खळगा लागेल. दोन-तीन आठवड्यांच्या आत शिवलेलं उत्तम. उशीर झाला की टोक आखडतं आणि ऑपरेशन मोठं होतं.
वाटीत उभी छिद्रं पाडून त्यातून जाड, न विरघळणारा दोरा ओवतात, किंवा हाडात अँकर (दोरा धरून ठेवणारे छोटे स्क्रूसारखे खिळे) बसवतात. सर्जनना एक नक्की विचारा: शिवल्यावर टाक्यांवर ताण न येता गुडघा किती डिग्री वाकला? पुढचे व्यायाम त्या आकड्यावर ठरतात. डिस्चार्ज कार्डवर लिहून घ्या.

नदीकाठ: माझ्या आईचं झालंय. साधारण सहा आठवडे लांब ब्रेस (गुडघा धरून ठेवणारा आधारपट्टा), चालताना गुडघा सरळ लॉक. घरी भारतीय संडास असेल तर कमोड खुर्ची आधीच आणा. आणि ब्रेस काढून 'जरा दोन पावलं' अजिबात नको, तेवढ्यात पाय मुडपला तर शिवण सुटू शकते.

सातारची_लेक: खूप आभार. महिन्याभरापूर्वी लघवीच्या इन्फेक्शनसाठी लेव्होफ्लॉक्सासिन चालू होतं, त्याचा काही संबंध?

फिजिओ_नाशिक: असू शकतो. त्या गटातल्या औषधांनी टेंडन कमजोर होऊ शकतात, साठीनंतर धोका जास्त. सर्जन आणि फिजिशियन दोघांनाही सांगा. ऑपरेशनआधी साखरही आटोक्यात हवी, नाहीतर जखम भरायला वेळ लागतो. पायात गुठळी होऊ नये म्हणून घोटा वरखाली करणं पहिल्या दिवसापासून.

सातारची_लेक: बाबांचा एकच प्रश्न, जेवायला मांडी घालून कधी बसता येईल?

फिजिओ_नाशिक: चार-सहा महिने तरी नाही, पुढेही सर्जननी हो म्हटल्यावरच. आधी पाय सरळ ठेवून उचलता यायला हवा, मग जिना.