दरड कोसळल्यावर तिसऱ्याच दिवशी लोकांना 'बोलतं' करावं का?

सुलभा_क
माळीण (२०१४) असो की इर्शाळवाडी (२०२३), अशा घटनेनंतर 'समुपदेशक पाठवा, लोकांना मन मोकळं करू द्या' ही मागणी लगेच होते. माझा याला ठाम विरोध आहे. घटनेनंतर २४ ते ७२ तासांत एकच दोन-तीन तासांची बैठक घ्यायची, काय पाहिलं, काय वाटलं ते सगळं वदवून घ्यायचं, ही पद्धत जेफ्री मिचेल यांनी १९८३ मध्ये मांडली, तीही अग्निशमन आणि रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांच्या गटांसाठी. पुढे ती थेट पीडितांवर वापरली गेली. ब्रिटनमधल्या भाजलेल्या रुग्णांच्या १९९७ च्या अभ्यासात १३ महिन्यांनी आघातोत्तर तणाव विकार (पीटीएसडी, म्हणजे आघाताच्या आठवणी आणि भीती महिन्यानंतरही न ओसरणं) बैठक झालेल्यांपैकी २६ टक्क्यांत आढळला, न झालेल्यांपैकी ९ टक्क्यांत.

डोंगरवाट
सुलभाताई, त्या अभ्यासात बैठक मिळालेला गट मुळातच जास्त भाजलेला होता, हेही सांगा ना. आणि वाडीवरची अडचण वेगळीच आहे. पथकं आठवड्याभरात परततात. महिन्याने जिल्हा रुग्णालयात जायचं म्हणजे एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी. जी भेट हातात आहे ती वापरू नका म्हणता, मग पुढे झोपेसाठी माणूस दारूकडे वळला तर?

डॉ_निशिकांत
भाजलेल्यांच्या अभ्यासावरचा आक्षेप रास्त आहे. पण ऑक्सफर्डमधला रस्ते अपघातांतल्या जखमींचा अभ्यास पाहा. सुरुवातीला सर्वांत जास्त हादरलेल्यांपैकी बैठक झालेले तीन वर्षांनीही त्रासात होते, बाकीचे बरेच सावरले होते. म्हणजे ज्यांच्यासाठी आपण धावतो त्यांनाच फटका.
शिबिरात होणारी दुसरी चूक गोळ्यांची. झोप नाही म्हणून डायझेपाम किंवा अल्प्राझोलामसारखी गुंगी आणणारी गोळी हातावर ठेवतात. पहिल्या महिन्यातल्या आघाताच्या लक्षणांसाठी ही औषधं देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्येच सांगितलंय. या गोळ्यांनी पीटीएसडी टळत नाही, सवय मात्र लागते.

डोंगरवाट
डॉक्टर, बोलायचं नाही, गोळी नाही. मग पहिला आठवडा हातावर हात धरून बसायचं?

सुलभा_क
मुळीच नाही. कोरडे कपडे, एका घरातली माणसं एकाच खोलीत, बेपत्तांची यादी दिवसातून दोनदा मोठ्याने वाचणं, ओळख पटवायला जाणाऱ्यासोबत कोणीतरी. आपणहून बोलला तर ऐका, खोदून विचारू नका. बहुतेकांचा त्रास काही आठवड्यांत आपोआप ओसरतो. महिना झाल्यावर आशाताईंनी घरोघरी विचारावं: तेच स्वप्न पडतं का, पावसाच्या आवाजाने दचकता का, त्या बाजूला जाणं टाळता का, कामधंदा सुटलाय का? ज्यांचं 'हो' येईल त्यांना उपचार. त्यातही घटना सांगायचीच असते, पण ९०-९० मिनिटांची ८ ते १५ सत्रं, तीच आठवण पुन्हा पुन्हा, घरी ध्वनिमुद्रण ऐकून, भीती उतरेपर्यंत. एका बैठकीत आठवण उसळते आणि माणूस तसाच सोडला जातो. धोका तिथे आहे.

डोंगरवाट
पटतंय, पण ही १५ सत्रं घेणार कोण? जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक सगळ्या जिल्ह्याला एक. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक चांगला आहे, पण डोंगरात रेंज नाही. मदतीच्या शासकीय आदेशातच महिना, तीन महिने आणि वर्षाच्या भेटींच्या तारखा, पथकाचं वाहन आणि रुग्णाची बुडणारी मजुरी लिहून आली पाहिजे. ते होत नाही तोवर 'थांबा' हा सल्ला मी वाडीवर कोणत्या तोंडाने देऊ?