हाँसीचा जॉर्ज थॉमस : पेरॉनला दिलेला नकार स्वाभिमानाचा की हिशेबाचा?

धागाकर्ता (वाळूघड्याळ) :
आयर्लंडमधल्या टिपेररीचा हा खलाशी मद्रासेत जहाज सोडून पळाला, मेरठजवळच्या सरधन्याची जहागीरदारीण बेगम समरू हिच्या नोकरीत राहिला, १७९३ च्या सुमारास मराठा सरदार आप्पा खंडेरावांच्या पदरी आला आणि आप्पांच्या मृत्यूनंतर आजच्या हरयाणातल्या हाँसीच्या ओसाड किल्ल्यात स्वतःचे राज्य मांडून बसला. तेथे त्याने टाकसाळ घातली, तोफा ओतल्या. १८०१ मध्ये शिंद्यांचा फ्रेंच सेनापती पेरॉन याने त्याला चाकरीत बोलावले, तेव्हा फ्रेंचाच्या हाताखाली राहणार नाही म्हणून त्याने नकार दिला आणि त्यापायी राज्य घालवले. निव्वळ भाडोत्री माणसाने असे केले नसते, असे माझे मत आहे.

बखरवाचक :
असहमत. या कारणाचा साक्षीदार कोण, तर खुद्द थॉमस! सर्वस्व गमावून कंपनीच्या मुलखात आल्यावर त्याने कॅप्टन फ्रँकलिन यांना आपली हकिकत सांगितली आणि ती १८०३ मध्ये कलकत्त्यात छापली गेली. इंग्रज अधिकाऱ्यासमोर बसून ‘मला झज्जरचा (त्याच्या ताब्यातल्या परगण्याचा) वसूल सोडवेना’ असे कोण सांगेल? पेरॉनची अट नेमकी तीच होती : झज्जर सोडा, हाँसी ठेवा आणि महिना ६०,००० रुपये घ्या.

वाळूघड्याळ :
पण पराभवाच्या आधीच त्याने पंजाब जिंकून इंग्रजांच्या हवाली करण्याची तयारी कळवली होती, हे आपण विसरता. म्हणजे त्याचा कल नंतर रचलेला नव्हता.

बखरवाचक :
कल नव्हे, गरज. एका बाजूला शीख सरदार, दुसऱ्या बाजूला जयपूर आणि डोक्यावर शिंदे, अशा जागी बसलेल्याला कोणीतरी धनी हवाच होता. शिवाय १७९८ च्या बंडात आयर्लंडच्या किनाऱ्यावर उतरलेल्या फ्रेंच फौजेचे तिथल्या बंडखोरांनी स्वागतच केले होते. तेव्हा आयरिश माणसाला फ्रेंच शत्रूच वाटला पाहिजे, हे गृहीतकच मला पटत नाही.

मरुभूमी :
दोघेही त्याच्या मनात डोकावता आहात, मी त्याच्या फौजेकडे पाहतो. १७९९ मध्ये राजस्थानातल्या फतेहपूरला, वाळूत खंदक टिकेना म्हणून त्याने काटेरी झाडे तोडून त्यांचे कुंपण रचले आणि जयपूरची मोठी फौज थोपवली. मेलेल्या शिपायांच्या बायकामुलांना तो निम्मा पगार देई. त्या काळी हे किती सरदार करीत होते? १८०१ मध्ये आपल्या जहाजगड किल्ल्यावर पेरॉनचा अधिकारी बुर्कँ याचा हल्ला परतवल्यावर मात्र हाच माणूस दोन आठवडे नुसता बसून राहिला, आणि शिंद्यांच्या फौजेतला अधिकारी जेम्स स्किनर याने त्याचा दोष दारूला दिला आहे. तेव्हा राज्य नकारापायी गेले, हेच मुळात मला मान्य नाही.

वाळूघड्याळ :
दारूचा मुद्दा मान्य; मात्र स्किनर त्या लढाईत समोरच्या बाजूला होता, हेही नोंदवून ठेवावे. थॉमसच्या साक्षीवर शंका घ्यायची, तर तोच नियम त्यालाही लागू होतो.