विषय: निफाडच्या वाळवण प्रकल्पाची नोंदणी

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

निफाड तालुक्यातील महिला गटाच्या सौर वाळवणयंत्रांना मदत करायचे मागच्या सभेत ठरले. नोंदणी कशी करावी, हे मात्र राहून गेले. ट्रस्ट सर्वांत सोपा दिसतो. खजिनदार सध्या नाशिकला आहेत. त्यांनी मत कळवावे.

सचिव

सचिवसाहेब, नमस्कार.

परवा दुपारभर त्या अंगणात बसलो होतो. वरच्या ताटातला कांदा कुरकुरीत झाला होता, खालचा अजून चामट होता, आणि पंख्याची जागा बदलण्याची बायकांची ही तिसरी खेप होती. असा वाया जाणारा माल कोणाच्या खात्यावर घालायचा, हे नोंदणीचा प्रकार ठरवताना पाहायला हवे. ठरल्या कामाचा हिशेब मागणाऱ्या देणगीदारापुढे फसलेला प्रयोग मांडणे अवघड जाते.

ट्रस्ट सोपा आहे, हे मला पटत नाही. आपले मंडळ ब्रिटनमध्ये नोंदलेले असल्याने त्याची देणगी 2010 च्या परकीय देणगी नियमन कायद्यानुसार परकीय ठरते आणि ती घेण्यासाठी संस्थेला केंद्राची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. भारतीय पासपोर्ट असलेल्या सभासदाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम त्यात धरत नाहीत.

कंपनी कायद्याच्या कलम 8 खाली लोकहितासाठी नोंदलेल्या कंपनीला धंदा करता येतो, पण लाभांश देता येत नाही, म्हणून जोखमीचे भांडवल तिकडे फारसे वळत नाही. ब्रिटनमध्ये 2005 पासून असलेल्या कम्युनिटी इंटरेस्ट कंपनीची मालमत्ता लोकहिताला बांधलेली असते, तरीही भागधारकांना वाटपयोग्य नफ्याच्या 35 टक्क्यांपर्यंत लाभांश मिळू शकतो. भारतात नेमका असा साचा नाही.

त्यातल्या त्यात जवळची वाटते ती उत्पादक कंपनी, म्हणजे शेतकऱ्यांसारख्या उत्पादकांच्याच मालकीची कंपनी: किमान 10 उत्पादक, आणि भाग कितीही असोत, प्रत्येकाला एकच मत. मात्र बाहेरच्याला तिचे भाग घेता येत नाहीत. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्स या उत्पादक कंपनीने बाहेरचे भांडवल घेण्यासाठी उपकंपनीचा मार्ग धरला. 2022 मध्ये युरोपीय गुंतवणूकदारांचे 310 कोटी रुपये त्या उपकंपनीत आले आणि मूळ कंपनी शेतकऱ्यांचीच राहिली. आपला पसारा त्यामानाने चिमूटभर आहे, तेव्हा उपकंपनीचा विचार आज नको.

खरी अडचण वेगळीच निघाली. गटात 14 जणी आहेत आणि सातबाऱ्यावर नाव फक्त सहा जणींचे आहे. कायद्याला उत्पादक म्हणून जमिनीची मालकी लागत नाही, पण इथले सनदी लेखापाल उतारा मागतात. बाकीच्या आठ जणींना शेतकरी असल्याचा दाखला मिळतो का, हे गुरुवारी तहसील कार्यालयात विचारणार आहे. तोपर्यंत कोणीही पैसे पाठवू नयेत.

आपला,
खजिनदार