फेझंटसाठी चोक कोणता लावू? (बारा बोअर, साउथ डकोटा)

मिनेसोटाकर
नमस्कार मंडळी. ऑक्टोबरात ऑफिसातल्या दोघांबरोबर साउथ डकोटात ह्युरॉन गावाच्या बाजूला फेझंट पक्ष्याच्या शिकारीला चाललोय. पहिलीच वेळ. हंटर सेफ्टीचा कोर्स झालाय, क्ले (हवेत उडवलेल्या सरावाच्या चकत्या) बऱ्यापैकी फोडतो. बंदूक रेमिंग्टन ८७० विंगमास्टर, पंपाची, बारा बोअर. बरोबर तीन चोक (छर्ऱ्यांचा पसारा आवळायला नळीच्या तोंडात बसवायचे तुकडे) आहेत, मोकळ्याकडून घट्टाकडे: इम्प्रूव्ह्ड सिलिंडर, मॉडिफाइड, फुल. एक मित्र म्हणतो फुलच लाव, पक्षी लांबून उठतो. दुसरा म्हणतो दुकानातून चांगला महागातला चोक आण. रान बहुतेक सरकारी, सोबत मित्राचा लॅब कुत्रा. काय करू?

दुनळी
नवा चोक अजिबात घेऊ नकोस, त्या पैशांची काडतुसं घे. आणि आधी सांग, छर्रे शिशाचे की स्टीलचे? सगळं त्यावर अडलंय. फेडरल वॉटरफाउल प्रॉडक्शन एरियात (बदकांसाठी राखलेलं केंद्र सरकारचं रान) शिसं चालतच नाही, मग बदक मारा नाहीतर फेझंट. तिथल्या राज्याच्या गेम प्रॉडक्शन एरियातही तेच. म्हणजे तुझ्या नशिबी स्टील.

शिसं मऊ, नळीतून जाताना छर्रे चेपतात आणि चेपलेले छर्रे भरकटतात. स्टीलचा छर्रा गोलच राहतो, म्हणून त्याच चोकमधून पॅटर्न, म्हणजे छर्ऱ्यांचा पसारा, जास्त घट्ट पडतो. शिशाचा हिशेब ४० यार्डांवर ३० इंची वर्तुळात किती टक्के छर्रे पडले असा करतात: इम्प्रूव्ह्ड सिलिंडर साधारण ५०, मॉडिफाइड ६०, फुल ७०. स्टीलला ही सगळी गणितं एक पायरी घट्ट धर. मॉडिफाइड जवळजवळ फुलचं काम करतो. तू इम्प्रूव्ह्ड सिलिंडर लाव. फुलमधून मोठे स्टीलचे छर्रे मारू नकोस, चोक फुगतो, कधी नळीतच अडकून बसतो.

छर्रा मात्र मोठा घे (नंबर लहान तितका छर्रा मोठा). स्टील हलकं, लांबवर जोर टिकत नाही. शिशात ५ किंवा ६ नंबर घेतला असतास, तर स्टीलमध्ये २ किंवा ३.

मिनेसोटाकर
पण पक्षी लांबून उठला तर?

गवतातली_काकू
अरे, उठतो कुठे यापेक्षा तू चाप ओढतोस तेव्हा कुठे असतो ते बघ. फक्त नर मारायचा असतो, मादी मारली की दंड. भर्रकन उठल्यावर आधी पांढरी कंठी, लांब शेपूट बघायची, नर ओरडतोही. मग बंदूक खांद्याला. तेवढ्यात १५ यार्डांवरचा पक्षी २५-३० वर गेलेला असतो, आणि इम्प्रूव्ह्ड सिलिंडरचा पसारा तिथेच सर्वांत कामाचा. फुल चोक जवळ मारलास तर एकतर चुकेल, नाहीतर खायला काही उरणार नाही.

लॅब पॉइंट करत नाही, म्हणजे पक्ष्यासमोर थबकून दाखवत नाही, थेट उठवतो. तो ४० यार्ड पुढे धावला तर जगातला कुठलाही चोक तुला वाचवणार नाही. मित्राला सांग, कुत्रा बंदुकीच्या टप्प्यात ठेव.

डुलुथचा_भाऊ
आमच्याकडे रफ्ड ग्राउस या रानपक्ष्याला मी स्कीट चोकशिवाय (इम्प्रूव्ह्ड सिलिंडरहूनही मोकळा) काही लावत नाही. अ‍ॅस्पेनच्या दाट झाडीत पक्षी दिसतो न दिसतो, १५-२० यार्डांत काय ते. पण ते रान वेगळं. काकूंशी सहमत, एक भर: डिसेंबरात जाणार असशील तर मॉडिफाइड लाव. तोवर उरलेले नर शहाणे झालेले असतात, गाडीच्या दाराचा आवाज झाला की पलीकडून उठतात.

सांगलीकर
अवांतर: आजोबांच्या दुनळीला दोन चाप होते. पुढचा चाप उजव्या नळीचा, ती मोकळी. मागचा डाव्या नळीचा, ती घट्ट. पहिला बार जवळ, दुसरा पळत्या पक्ष्यावर. चोक बदलायची भानगडच नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर ती कपाटात गेली ती गेलीच.

दुनळी
@सांगलीकर, तीच तर दुनळीची मजा. पंपाला एकच नळी, म्हणून पहिल्या बाराचा विचार करून चोक लावायचा.

@मिनेसोटाकर, जाण्याआधी कागदावर मारून बघ. चार फुटी कागद, ३० यार्ड, ज्या काडतुसांनी शिकार करणार तीच. जिथे छर्रे सर्वांत दाट पडलेत त्याभोवती ३० इंची वर्तुळ काढ. आत फेझंटच्या अंगाएवढी मोकळी जागा दिसते का ते पाहा. एका कागदावर भरवसा नको, तीन-चार तरी मार. चोकवरच्या नावापेक्षा हा कागद खरा.

आणि एच-१बी वगैरे व्हिसावर असशील तर हे महत्त्वाचं: फेडरल कायद्याने तशा व्हिसावरच्यांना बंदूक, काडतुसं बाळगायला बंदी आहे. कुठल्याही राज्याचं चालू हंटिंग लायसन्स ही त्यातली नेहमीची सवलत. त्याची मुदत संपू देऊ नकोस.

मिनेसोटाकर
ग्रीन कार्ड आहे, पण सांगितलंत ते बरं. रेंजवर जाऊन आलो. स्टील ३ नंबर, ३० यार्ड: इम्प्रूव्ह्ड सिलिंडरचा कागद छान भरलेला, मॉडिफाइडला मधे गठ्ठा आणि कडा उघड्या. फुल घरीच राहील. चोक हाताने घट्ट केला तरी चालतो ना?

गवतातली_काकू
किल्लीने बसव, पण आवळून टाकू नकोस. दुपारी जेवायला थांबाल तेव्हा बंदूक रिकामी करून चोक पुन्हा तपास, बार काढता काढता तो सैल होतो. आणि चोक न लावता बार काढू नकोस, आतले आटे जातात.

डुलुथचा_भाऊ
माणशी दिवसाला तीन नर. चौथा कितीही जवळून उठला तरी बंदूक खाली.